स्मरणशक्तीचे वरण

लातूरच्या ध्येयभेद अकॅडमीत मंगळवारी भौतिकशास्त्राच्या तासाला अमान नावाच्या विद्यार्थ्याने बाकाखाली एक उकडलेले अंडे खाल्ले. अंडे मोबाइलमधले होते. तरीही वर्गात खाणे हा शिस्तभंग आणि वर्गात मोबाइल हा त्याहून मोठा शिस्तभंग असल्याने प्रकरण थेट संचालकांच्या केबिनमध्ये गेले.

संचालक रेवणप्पा सर निलंग्याकडचे. भूकंपानंतरच्या वर्षांत पत्र्याच्या शेडमध्ये शिकवण्या घेत त्यांनी सुरुवात केली होती. आता त्यांची चार मजली इमारत होती, स्वतःचे वसतिगृह होते, आणि शहरातल्या प्रत्येक चौकात ते फ्लेक्सवरून एक बोट आकाशाकडे दाखवत उभे होते. त्यांनी मोबाइल टेबलावर ठेवला आणि चौकशी सुरू केली.

"तासाला काय करायलतास?"

"सर, मरायलतो," अमान म्हणाला.

"मग?"

"अंडं खाल्लं. वाचलो."

सरांनी खुलासा मागितला. अमान नांदेडचा. वडिलांचे देगलूर नाक्यावर टायरचे दुकान. पोरगा अभ्यासात जेमतेम, पण 'ज्वालाद्वीप' या खेळाचे सगळे भाग त्याला तोंडपाठ होते. त्याने मान खाली घालून माहिती दिली.

"पहिल्या भागात निस्ता पाव अन् अंडं असतंय, सर. खाल्लं की जीव वाढतो. दुसऱ्यापासून एकेका चिजेला एकेक काम हाय. मध खाल्ला की पळायला जोर येतो. मुळा खाल्ला की थंडी लागत न्हाई. भाजलेला कंद खाल्ला की अंधारात दिसतंय. तिसऱ्या भागात कढई भेटती, मग दोन चिजा मिळून शिजवल्या की तिसरंच काम होतंय. टमाटा सडला तर राक्षसाला फेकून हाणायचा."

"आणि चव?"

"चव नसती, सर. चवीचं काय काम?"

सर खुर्चीत पुढे सरकले. "खेळून दाखव."

अमानने दाखवले. ज्वालाद्वीपाचा नायक राक्षसाच्या एका तडाख्यात चिखलात पडला. डोक्यावरची जीवपट्टी लाल झाली. अमानने त्याला अंडे चारले. नायक उठला, तलवार उचलली आणि पुढच्या राक्षसाकडे चालू लागला.

रेवणप्पा सरांनी चष्मा काढून पुसला. "झोपला नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "घरी फोन लावला नाही. आईची आठवण येते म्हणाला नाही. अंडं खाल्लं आणि लगेच कामाला लागला."

मोबाइल पुढील अभ्यासासाठी जप्त करण्यात आला. रविवारपर्यंत सरांनी पहिले तीन भाग पूर्ण केले.

वसतिगृहाची मेस बिलकीसबाई चालवत. त्या उदगीरच्या, सासरे लग्नाच्या पंगतींचे स्वयंपाकी होते, त्यांच्याकडून शेकडो माणसांच्या अंदाजाने मीठ टाकायला त्या शिकल्या होत्या. सोमवारी सकाळी त्यांच्या हातात 'उपयोगाधिष्ठित आहार नियमावली' पडली. त्यानुसार वरण स्मरणशक्तीसाठी, भाकरी एका जागी बसून राहण्यासाठी, ठेचा गणिताच्या वेगासाठी आणि दही चुकीच्या उत्तरांनी कापल्या जाणाऱ्या गुणांपासून संरक्षणासाठी नेमण्यात आले होते. लोणचे, पापड आणि रविवारचा शिरा यांचा कोणताही उपयोग आढळून न आल्याने ते रद्द करण्यात आले होते.

बिलकीसबाई कागद घेऊन केबिनमध्ये गेल्या. "सर, वरण तर तेच हाय. कालबी हेच होतं."

"काल ते नुसतं वरण होतं, बाई. आजपासून ते स्मरणशक्तीचं वरण आहे."

"मग ह्याच्यात नवीन काय टाकू?"

"काही नाही. वाढताना फक्त उपयोग सांगायचा."

बिलकीसबाईंना हे सोपे वाटले. पोरांनाही गंमत वाटली. मुले ताट पुढे करून "मावशी, एक डाव स्मरणशक्ती" म्हणू लागली.

गंमत पालक सभेपर्यंत टिकली. आपण मुलांना काय खाऊ घालतो ते सरांनी पडद्यावर दाखवले, तेव्हा त्यांना थोडी धास्ती होती की एखादा पालक उठेल आणि विचारेल, ठेच्याने गणित कसे येते. तसे कोणीही विचारले नाही. परभणीच्या एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, "माझ्या मुलाच्या ताटात वरण पातळ का?" मागून एक वकील म्हणाले, "आमच्या मुलीला वेग आहे, तिला लक्षात राहत नाही. तिला रोज भाकरी देऊन तुम्ही बसवून का ठेवताय?" सभा पांगली तेव्हा एकच मागणी उरली होती: ज्याला जे कमी, त्याला ते द्या.

मागणी रास्त होती. त्यामुळे दर आठवड्याच्या चाचणीनंतर प्रत्येकाचे ताट ठरू लागले. जीवशास्त्रात कच्च्या असलेल्यांना वरणच वरण. गणितात मागे पडलेल्यांना ठेचा. अमानला तिन्ही त्रिकाळ ठेचा मिळाला आणि चौथ्या दिवशी तो वर्गातून इतक्या वेगाने बाहेर पळाला, की योजनेचे पहिले यश म्हणून त्याची नोंद झाली.

याच सुमारास सरांचा खेळाचा चौथा भाग सुरू झाला. त्यात नवा नियम होता. जीवपट्टी पूर्ण भरलेली असेल तर नायकाला खाता येत नाही. अंड्यावर बोट ठेवले की पडद्यावर 'गरज नाही' अशी पाटी येते. सरांना यातले शहाणपण तत्काळ पटले. ज्याच्यात काही कमी नाही त्याच्यावर अन्न खर्च करणे ही उधळपट्टी होती.

अकॅडमीत ज्याच्यात काही कमी नाही अशी एकच विद्यार्थिनी होती. राजकन्या नावाची ही मुलगी किनवटच्या जंगलातल्या पाड्यावरची. आश्रमशाळेच्या वसतिगृहात वाढली, तिथून शिष्यवृत्तीवर इथे आली आणि आल्यापासून प्रत्येक विषयात पहिली. सोमवारी दुपारी ती ताट घेऊन रांगेत उभी राहिली तेव्हा वाढणीच्या खिडकीत बसलेल्या अकॅडमीच्या व्यवस्थापकाने तिच्यासाठी उभे राहून टाळ्या वाजवल्या आणि पाण्याचा ग्लास दिला.

"सर, जेवण?"

"तुला गरज नाही. अभिनंदन."

राजकन्याला पहिल्या दिवशी थोडा अभिमानही वाटला. दुसऱ्या दिवशी मैत्रिणींनी आपल्या ताटातली चतकोर भाकरी तिला दिली. हा 'शक्तींचा अनधिकृत व्यवहार' ठरवून जेवणाच्या खोलीत बाकांमध्ये पडदे लावण्यात आले. बिलकीसबाई दोनदा डबा घेऊन मुलींच्या वसतिगृहाकडे गेल्या, दोनदा रखवालदाराने परत पाठवले. मग त्या मेसमधल्या साखराबाईंना सोबत घेऊन सरांकडे गेल्या. साखराबाई भूकंपात घर गेलेल्या. गप्प स्वभावाच्या, पण त्या दिवशी बोलल्या.

"सर, भूकंपाच्या वक्ताला मदतीचे ट्रक आले. कुठकुठले डबे होते त्यात, काय कशाला वापरायचं कुणालाच कळंना. आमच्या जावंनं चीजची वडी साबण म्हणून अंगाला लावली. पर भूक लागली तवा सगळ्यांनी सगळं खाल्लं. कुणी इचारलं न्हाई, ह्यानं काय होतंय."

"तो काळ नियोजनाचा नव्हता, बाई," सर सौम्यपणे म्हणाले. "खेळात भूक नावाची गोष्टच नाही. कोणीही भूक लागली म्हणून खात नाही."

"पोरं खेळातली न्हाईत ना, सर," बिलकीसबाई म्हणाल्या.

"त्याच दिशेने आपले प्रयत्न आहेत."

त्या आठवड्याच्या सराव परीक्षेत राजकन्या रसायनशास्त्राच्या मध्यावर बाकावरून खाली घसरली. पर्यवेक्षकाने नियमावली चाळली. जीव पूर्ण असलेला विद्यार्थी पडल्यास काय करावे, याची तरतूद तीत नव्हती. आरडाओरडा ऐकून बिलकीसबाई मेसमधून धावत आल्या. कामगार बायकांसाठी केलेले पिठले आणि दोन भाकऱ्या त्यांनी पदराखाली आणल्या होत्या. राजकन्याला जिन्यात बसवून त्यांनी घास भरवले.

"हळू खा गं, बाळा. ठसका लागंल."

"मावशी, हे कशाचं हाय?" राजकन्याने सवयीने विचारले.

"बेसनाचं."

"तसं न्हाई. कशासाठी?"

बिलकीसबाईंनी पिठल्यात भाकरीचा पुढचा घास बुडवला. एवढ्या हुशार पोरीने हे विचारावे, याचे त्यांना रडू आले. "तुला भूक लागली म्हणून," त्या म्हणाल्या. पोरीने मान हलवली आणि दुसरी भाकरी मोडली. मग तोंड पुसून ती वर गेली, पेपर पूर्ण केला आणि पुन्हा पहिली आली.

सरांनी बिलकीसबाईंना बोलावले. "त्या पिठल्यात काय होतं?"

"बेसन, लसूण, हिरवी मिरची."

"पण परिणाम कशामुळे झाला?"

"सर, भुकेली होती पोरगी. भुकेल्या माणसाला खायला दिलं की तो उठून बसतो. ह्याच्यात दुसरं काय न्हाई."

"भूक," सर म्हणाले. खिडकीबाहेर बघत त्यांनी तो शब्द पुन्हा उच्चारला. बिलकीसबाईंना वाटले, सरांना उमगले. त्या समाधानाने मेसमध्ये परतल्या आणि कितीतरी दिवसांनी शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रवेशद्वारावर फ्लेक्स लागला होता: 'भूक बॅच. प्रवेश मर्यादित.' सरांचा तर्क निर्दोष होता. तेच पिठले पोट भरलेल्या मुलाला दिले तर काही घडत नाही. उपाशी मुलीला दिले तर ती पहिली येते. म्हणजे खरी शक्ती पिठल्यात नव्हती, भुकेत होती. आणि एवढी मौल्यवान गोष्ट मुलांच्या मर्जीवर सोडून चालणार नव्हते. घरी लागणारी भूक अनियमित असते, कधी बिस्किटाने मोडते, कधी आजीच्या लाडूने. अकॅडमीत ती तज्ज्ञांच्या देखरेखीखाली तयार केली जाईल, असे माहितीपत्रकात लिहिले होते.

पालकांची रांग रस्त्यापर्यंत गेली. परभणीच्या बाई सर्वांत पुढे होत्या. मुलगा सोबत होता आणि वडापाव खात होता. त्यांनी तो त्याच्या हातातून काढून घेतला.

त्याच रांगेला वळसा घालून राजकन्याचे वडील आत आले. सटवाजी रोपवाटिकेत मजुरी करत. पोरगी पडली असे मैत्रिणीच्या फोनवरून कळल्यावर ते मिळेल त्या गाडीने निघाले होते. सरांनी त्यांना खुर्ची दिली आणि मुलीची प्रगती दाखवली. प्रत्येक विषयाची पट्टी हिरवीगार होती.

"बरंय," सटवाजी म्हणाले. "पोरगी जेवते का?"

"तिची पातळी पाहा. राज्यात पहिली येईल."

"ते न्हाई इचारून राहिलो, सर. जेवते का?"

सरांनी व्यवस्थापकाकडे पाहिले. व्यवस्थापकाने संगणकाकडे पाहिले. असा प्रश्न आजवर कोणत्याही पालकाने विचारलेला नसल्याने त्याची माहिती कुठल्याच रकान्यात भरलेली नव्हती.

सटवाजींनी पोरीची पेटी उचलली. बिलकीसबाईंनी त्याच दुपारी मेसच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. साखराबाई त्यांच्या मागे निघाल्या. मागच्या गल्लीत एका पत्र्याच्या खोलीत त्यांनी खानावळ सुरू केली. शेजारीच खोली घेऊन राजकन्या राहू लागली. ती दुसऱ्या क्लासला जाते आणि दोन्ही वेळा जेवते. लोणचे मागून घेते. अमान अधूनमधून भिंतीवरून उडी मारून येतो. त्याचा मोबाइल अजून सरांकडेच आहे; सर पाचव्या भागात अडकले आहेत, असे तो सांगतो.

निकालात राजकन्या पुन्हा वर आली आणि गोष्ट गावाबाहेर गेली. आता बिलकीसबाईंना नगरहून, नाशिकहून, पुण्याहून फोन येतात. आवाज सुशिक्षित असतात आणि फार नम्र असतात.

"मावशी, ते पिठलं नीटला चालतं की जेईईला?"

"पोट भरतंय त्यानं."

"हो, ते झालंच. पण त्याव्यतिरिक्त?"

सुरुवातीला बिलकीसबाई समजावून सांगत. आता अनोळखी नंबर त्या उचलत नाहीत. ही गोष्ट वाचता वाचता तुम्ही त्यांना केलेले दोन कॉल त्याचमुळे उचलले गेले नाहीत. कृपया तिसरा करू नये. जेवणाची वेळ आहे, आणि तुमचे मूल केव्हाचे काहीतरी मागत उभे आहे.