फळ्यापुढचे शेडगे सर

आमच्या महाडच्या ज्युनिअर कॉलेजातल्या निम्म्या पोरांच्या मोबाईलमध्ये शेडगे सरांच्या पोटाचे फोटो आहेत. यात पोरांचा दोष नाही. त्यांना फळ्याचाच फोटो हवा असतो. पण मोबाईल वर निघाला रे निघाला, की गणिताचे शेडगे सर दोन्ही हात पसरून फळ्यापुढे उभे राहतात. मग फोटोत वरच्या कोपऱ्यातली तारीख तेवढी येते.

"लिहा! हात मोडलेत का? परीक्षेला फोन बसणार आहे का तुमचा?" शेजारच्या वर्गात मी मराठी शिकवत असतो, तिथवर हा गडगडाट रोज पोचतो.

मला त्यांचा राग शंभर टक्के पटतो. समोर जिवंत माणूस घसा फोडून शिकवतोय आणि ही मंडळी फोटो काढून मोकळी! घरी गेल्यावर तो उघडतो कोण? फरक एवढाच, की मी मनातल्या मनात चिडतो. सर स्टाफरूममध्ये रील बघणाऱ्या मास्तरांनाही सोडत नाहीत. "तुम्हीच असे, तर पोरं काय दिवे लावणार?"

गेल्या चाचणीत घाटाकडच्या वरंध गावातून एसटीने येणाऱ्या प्राचीने एक गणित कोरं सोडलं. सर भर वर्गात तिच्यावर तुटून पडले. मी नेमका दारात होतो.

"अगं, हेच गणित फळ्यावर सोडवलं होतं! लक्ष कुठे होतं?"

प्राचीने मुकाट्याने मोबाईल पुढे केला. "सर, ह्यात तुमचं पोट हाय. गणित मागं ऱ्हायलं."

वर्गात हशा पिकला. सर लालबुंद.

"लिहून का नाही घेतलंस?"

"शेवटच्या तासाला मी नसते, सर. गाडी सुटते. मागनं दुसरी गाडी नाय. मैत्रीण फोटो पाठवते."

"मग सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही वरडता."

सर तडक प्राचार्यांकडे गेले, शेवटचा तास अलीकडे घ्या म्हणून. त्यांच्यावर ओरडले, एसटीच्या वेळापत्रकावर ओरडले, शेवटी विनाकारण माझ्यावर. वेळ ना कॉलेजने बदलली, ना एसटीने.

"निदान तिच्यासाठी तरी फोटो काढू द्या," मी म्हणालो.

"फोटोला शंका विचारता येते का हो?"

परवा सकाळी स्टँडवर वरंधची गाडी लागली. पोरं उतरली. मागून खडूने माखलेले शेडगे सर, काखेत पाटी. कंडक्टर हसत म्हणाला, "आठवडा झाला. पहिल्या गाडीनं एकटेच वरंधला जातात, येताना पोरांना शिकवत येतात. घाटाच्या रस्त्याला गाडी हलते, तर ड्रायव्हरलाच दम देतात!"

"सर, या वयात एवढ्या पहाटे?" मी विचारलं.

"मग काय करू?" सर माझ्यावरच खेकसले. "आमची ही गेल्यापासून घरात ओरडायला माणूस आहे का कुणी?"