बेकन, कोबी आणि भिंतीवरचं बटण

फिंटनने सकाळी सहालाच स्लो कुकर लावला आणि बापाला बजावलं, "बाबा, आज या बटणाला हात लावायचा नाही."

"मी कशाला लावू?" मलाकी चहा ढवळत म्हणाला.

मेयो या आयरिश परगण्यात माणूस घराबाहेर पडताना आधी भिंतीवरची सगळी बटणं बंद करतो आणि मग दार. मलाकी त्यातला कट्टर. पाण्याच्या हीटरचं बटण चालू राहिलं की काय, या शंकेने त्याने एकदा मेहुणीच्या अंत्ययात्रेतून गाडी घराकडे वळवली होती. मागच्या चार गाड्याही वळल्या. त्यांना वाटलं, रस्ता तोच.

आज मात्र बटणावर बरंच अवलंबून होतं. कुकरमध्ये खारवलेल्या बेकनचा भला थोरला तुकडा, गाजरं, बटाटे आणि वर कोबी मंद आचेवर होते, आणि ते दोन वाजता कन्सेप्टाबाईंच्या पानात पडायचे होते. कन्सेप्टाबाई म्हणजे फिंटनच्या होणाऱ्या बायकोची, ऑर्लाची आई. त्यांच्याकडे रस्त्यालगत अर्धा एकर कुरण होतं, आणि मागे थेट ओढ्यापर्यंत त्यांचीच जमीन. पोरांनी कुरणात घर बांधायचं, की लग्नानंतर मलाकीच्या माळ्यावर संसार थाटायचा, हे त्या ठरवणार होत्या. "साधं बेकन-कोबी तरी जमतंय का बघू," त्या म्हणाल्या होत्या, "मग जागेचं बोलू."

चर्चला जायच्या आधी मायलेकी अ‍ॅपल पाय आणून ठेवायला आल्या. निघताना फिंटनने बापाला सगळ्यात आधी बाहेर काढलं, गाडीत बसवलं आणि स्वतःच्या हाताने पट्टा बांधला. कन्सेप्टाबाई विसरलेली छत्री आणायला आत जाऊन आल्या, त्यांनीच दार ओढून घेतलं आणि गाडी निघाली.

चर्चमध्ये मलाकी बाकावर ठरेना.

"बटण चालूय."

"चालूच ठेवायचंय, बाबा."

"आणि घर पेटलं म्हणजे?"

"कोबीने घर पेटत नाही."

"तुला काय माहीत? तू कोबीला घरात एकटं सोडून कधी आला होतास?"

पुढच्या बाकावरची म्हातारी वळून बघायला लागली. फिंटनने बापाच्या कोटाचं टोक धरून ठेवलं. पण प्रसाद घ्यायला उठावं लागलं, आणि परत येऊन बघतो तर मलाकी गायब. दहा मिनिटांनी तो आला तो धापा टाकत.

घरी पोचताच फिंटन स्वयंपाकघरात धावला. बटण बंद होतं. कुकर कोमट, कोबी ताठ. बेकनचा रंग नवजात बाळासारखा.

"बाबा!"

"आईच्यान् सांगतो, मी चर्चच्या फाटकापर्यंतच गेलो होतो. धूर दिसतो का बघायला."

"बटण काय आपोआप बंद झालं?"

"मी केलं असतं तर इतका बेचैन असतो का, गाढवा?"

मुद्दा बिनतोड होता, पण फिंटनला ऐकायला वेळ नव्हता. त्याने कुकर मोठ्यावर केला, गरम पाणी ओतायला किटली लावली, गाजरं लवकर व्हावीत म्हणून ओव्हन लावला आणि काहीतरी करत राहावं म्हणून टोस्टरही. फट् झालं. अख्खं घर गप्प झालं, फ्रिजसुद्धा.

ऑर्ला टॉर्च घेऊन फ्यूजच्या डब्याशी झटत असताना मलाकीने दिवाणखाना सांभाळला.

"बाई, बिस्कीट घ्या."

"छे छे, आता जेवायचंच आहे."

"घ्या हो एक."

"नको, खरंच नको."

"तुम्हाला माझी शपथ."

"बरं, अगदी अर्धं," असं म्हणून बाईंनी साडेतीनपर्यंत डबा संपवला.

शेवटी पानं वाढली. बेकन शिजलं होतं, पण चाकूला दाद देत नव्हतं. गाजराचा आवाज शेजारच्या खोलीत गेला असता. कन्सेप्टाबाईंनी बराच वेळ चावून, मयताच्या घरी बोलतात त्या आवाजात म्हटलं, "छान झालंय हं." ऑर्लाने डोळे मिटून घेतले. फिंटनला माळा दिसू लागला. माळ्यावर तो, ऑर्ला आणि पाण्याची टाकी.

जागेचा विषय निघालाच नाही. बाईंनी कोट चढवला आणि निरोप घेत स्वयंपाकघरातून मागच्या दाराकडे निघाल्या.

"येते हं मग," म्हणत त्यांनी किटलीचं बटण बंद केलं. "जपून राहा." टोस्टरचं. "अ‍ॅपल पाय संपवून टाका." ओव्हनचं. "बाय, बाय, बाय..." आणि त्यांचं बोट कुकरच्या बटणापाशी थांबलं.



"छत्री," मलाकी हळूच म्हणाला.

कन्सेप्टाबाईंनी हातातल्या छत्रीकडे पाहिलं, मग कुकरकडे, मग बराच वेळ खिडकीबाहेर.

"फिंटन," त्या म्हणाल्या, "अर्ध्या एकरात मावेल का रे तुमचं घर?"

"मावेल की, काकू! अगदी..."

मलाकीने त्याच्या पायावर पाय दिला. "कोंबतील कसंबसं," तो छत्रीवरची नजर न काढता म्हणाला.

बाईंनी एक लांब श्वास घेतला.

"बरं. ओढ्यापर्यंत घ्या."

आणि जाता जाता कुकरचं बटण बंद केलं.