कोणत्या नाटकातलं?

आल्मेरेहून ॲमस्टरडॅमला जाणाऱ्या गाडीत, शांतता पाळायच्या डब्यात, दिगंबरराव एकदा दोन अनोळखी रशियन बायकांसमोर मान लववून उभे राहिले. त्यांतल्या एकीने घाईघाईने तिकीट काढून दाखवले.

"तिकीट नको, बाई. आपण आत्ता ज्या पेटीचं नाव घेतलंत, ती एका पद्यकथेतली आहे!"

त्या कथेत एक कारागीर पेटीची कळ शोधत घामाघूम होतो आणि पेटीला कुलूपच नसते. अवघड भासलेले काम सोपे निघाले की रशियन माणसे त्या पेटीचा दाखला देतात. कथा कित्येकांच्या गावीही नसते.

दिगंबरराव माझे शेजारी; रशियनचे निवृत्त तांत्रिक अनुवादक, अविवाहित. रशियन माणूस स्वतःचे असे काही बोलतच नाही, अर्धे नाटकांतले आणि उरलेले बोधकथांतले, असा त्यांचा सिद्धान्त. "उगम सांगा, उगम!" हा त्यांचा घोष.

"भावजी, चहा झालाय," माझी पत्नी म्हणे. "आणि हे वाक्य माझंच आहे हं, कुठल्या अंकातलं नाही!"

एकाच वाक्याने त्यांना दाद दिली नव्हती. तरुणपणी मॉस्कोतले शिक्षण संपवून परतताना, ग्रंथालयातली वेरा फलाटावर त्यांना म्हणाली होती, "तू गेलास की माझीच भाषा मला परकी वाटेल." यांनी खिशातली वही काढली. "कोणत्या नाटकातलं?" ती नुसती हसली. गाडी सुटली. तेव्हापासून हे ते नाटक शोधत होते.

त्यांच्या पांडित्याचा मला जाच होई, हे कबूल करतो. एकदा तरी त्यांना हरवावे, या क्षुद्र हेतूने मी ते वाक्य, फलाटावरच्या हकिकतीसकट, माझ्या हूफडॉर्पच्या कचेरीतल्या लारिसा या रशियन सहकारिणीला सांगितले.

"पुस्तकात कसलं शोधता?" ती म्हणाली. "ती त्यालाच म्हणत होती ना!"

त्याच संध्याकाळी मी विजयी मुद्रेने त्यांच्या दाराची घंटा वाजवली आणि उंबऱ्यातूनच ते सांगून टाकले.

दिगंबररावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला.

"म्हणजे," ते हळूच म्हणाले, "मी तिथे काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं?"

जिंकल्याची माझी सारी हौस तिथेच ओसरली. बूट काढून मी आत गेलो, त्यांच्याशेजारी बसलो.

"काय म्हणाला असता?"

बराच वेळ ते शब्द जुळवीत राहिले. मग रशियनमध्ये एक लहानसे वाक्य, अडखळत, उच्चारले.

अर्थ मी विचारला नाही.