डोक्यावरचा पंखा आणि निःशब्द संवाद धोरण

तक्रार निवारण विभागाच्या साहेबांच्या खुर्चीवरचा पंखा ढिला झाला होता, ही बाब सोमवारी सकाळी हेडक्लार्कांच्या नजरेस आली. पंखा नुसता कुरकुरत असता तर गोष्ट वेगळी; सरकारी पंखे कुरकुरतातच. पण हा छताच्या कडीपासूनच डुगडुगत होता आणि फिरता फिरता साहेबांच्या टकलावर चुन्याची भुकटी सांडत होता. एरवी हेडक्लार्क म्हणाले असते, "साहेब, जरा बाजूला बसा." विषय संपला असता. पण नेमकं त्याच सकाळी कार्यालयात निःशब्द संवाद धोरण लागू झालं होतं.

त्याचं असं झालं की साहेब प्रशिक्षणाला गेले होते. तिथे त्यांना जवळजवळ संवादच नसलेला चित्रपट दाखवला. त्यात एक म्हातारा सबंध वेळ होडी दुरुस्त करतो आणि शेवटी सुनेकडे नुसता बघतो. बस्स! पण त्या एका बघण्यावर अख्खं सभागृह ढसाढसा रडलं. साहेबांनी आजवर अनेकांना रडवलं होतं, पण त्यासाठी त्यांना पानंच्या पानं लिहावी लागली होती. परत येताच त्यांनी आदेश काढला: "शब्द हा संवादातील प्रमुख अडथळा असल्याचे निदर्शनास आले आहे. सबब, आमच्यासमोर, कार्यालयात वा बाहेर, कोणीही तोंडाने बोलू नये. लिहिणे हेही बोलणेच समजावे. अभिव्यक्ती डोळे, भुवया व हात यांद्वारेच करावी." यंदाची अधीक्षकपदाची बढतीही यातल्या गुणवत्तेवरच मिळणार होती.

धोरण पहिल्याच दिवशी यशस्वी झालं. नळाला पाणी नाही म्हणून एक बाई आल्या. त्यांनी ओंजळ केली, घसा दाखवला, डोळ्यांत पाणी आणलं. साहेबांनी त्यांच्याकडे इतक्या करुणेने पाहिलं की बाई घाबरून निघून गेल्या. दुपारपर्यंत तक्रारदार येईनासे झाले. विभागाच्या इतिहासात एवढं निवारण कधीच झालं नव्हतं.

हेडक्लार्कांचा जीव मात्र टांगणीला लागला. त्यांनी गुपचूप पंख्याचं बटण बंद केलं. साहेबांनी भुवई उंचावून ते पुन्हा चालू करायला लावलं.

"अहो, मग सांगून टाका ना सरळ!" रात्री जेवताना बायको म्हणाली. "माणूस मरेल तो!"

"सांगितलं की बढती गेली. पुढच्या वर्षी मी निवृत्त. म्हणजे कायमचीच गेली."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर शिफारस करणारेच जातील."

"कर्म माझं!" बायकोने कपाळावर हात मारला. "मग त्या म्हाताऱ्यासारखं बघा तरी नीट."

दुसऱ्या दिवशी हेडक्लार्क साहेबांच्या टेबलासमोर उभे राहिले आणि बघू लागले. आधी पंख्याकडे, मग साहेबांकडे, मग पुन्हा पंख्याकडे. साहेब भारावले. त्यांनी सगळ्यांना खुणेने आत बोलावलं. हेडक्लार्कांनी बोट वर केलं. सगळ्यांनी बोटाकडे पाहिलं. त्यांनी हात गरागरा फिरवले, स्वतःच्याच डोक्यावर थाड्‌कन आपटले, जमिनीवर लोळले, जीभ बाहेर काढून मेले. टाइपिस्टबाईंना हुंदका आवरेना. साहेब डोळे पुसत उठले, हेडक्लार्कांना मिठी मारली आणि, अशा कलावंताचा मान राखायचा म्हणून, हाताला धरून थेट आपल्या खुर्चीत बसवलं.

चुन्याची भुकटी आता हेडक्लार्कांच्या टकलावर पडू लागली. समोर साहेब हसत होते. बढती हातातोंडाशी आली होती. डोकं साहेबांचं होतं तेव्हा हेडक्लार्कांनी एक अख्खी रात्र विचारात काढली होती. आता विचाराला वेळच लागला नाही.

"पंखा पडतोय!" असं बोंबलत त्यांनी उडी मारली. मागोमाग पंखा खुर्चीत येऊन बसला.

धूळ खाली बसली. मग साहेबच बोलले.

"भाऊसाहेब, बोललात तुम्ही! एवढा सुंदर प्रसंग, आणि शेवटी शब्दांवर आलात."

अधीक्षकपद कोपऱ्यातल्या एका जुन्या लिपिकांना मिळालं. ते सोमवारपासून झोपले होते आणि त्यांच्या मौनात कुठेही खंड नव्हता.

हेडक्लार्कांना बढती गेल्याचं दुःख होतंच. पण अंगाचा तिळपापड झाला तो नंतर, टाइपिस्टबाईंशी बोलताना. पंख्याचं सगळ्यांनाच माहीत होतं म्हणे. बाईंनी आपलं टेबल आधीच भिंतीकडे सरकवलं होतं. शिपाई तर साहेबांचा चहा लांबूनच हात ताणून ठेवत होता.

"अहो, मग बोलला का नाहीत?" हेडक्लार्क ओरडले. "मी त्या खुर्चीत बसलो होतो!"

"मजा येत होती हो," बाई ओशाळून म्हणाल्या. "म्हटलं, पुढे काय होतं ते तरी बघू."

आणि तुम्ही हसू नका. पंखा ढिला आहे हे तुम्हालाही पहिल्या ओळीपासून माहीत होतं.