मंगळवारचं विरजण

डासाच्या अळ्या पाळणं हे काही कुणाही सोम्यागोम्याचं काम नाही, असं इंद्रजितचं ठाम मत होतं!

पांढरकवड्याच्या हायवेला त्याचं पंक्चरचं दुकान. त्या वर्षी कापूस पार बसलेला, म्हणून कापसाचे ट्रकही येईनात. माणसाला नको तेवढी फुरसत. अशात आरोग्य खात्याची दीपा डासअळ्या तपासायला आली. जुन्या टायरातल्या पाण्यावर टॉर्च मारून तिनं वळवळ दाखवली, पाणी ओतलं आणि अर्धा तास त्याला झापलं. इतकं बरं त्याला आजवर कुणाच्या बोलण्यानं वाटलं नव्हतं.

नियम असा, की अळी सापडली तर दर बुधवारी फेरी. नाही सापडली तर थेट तीन महिन्यांनी. तीन महिने! गड्यानं डोकं चालवलं. विरजण राखावं तशा चार अळ्या डब्यात राखायच्या आणि मंगळवारी टायरात सोडायच्या. दीपा यायची, झापायची, पाणी ओतायची, भिंतीवर खडूनं तारीख टाकून जायची. सगळे तिला ताई म्हणत, हा एकटा मॅडम. उरलेले सहा दिवस तो त्या तारखांकडे बघत काढायचा.

सतराव्या बुधवारी मात्र तिनं झापलंच नाही. अळ्या किती घटल्या ते मोजायला यवतमाळहून साहेब येणार होते. साऱ्या गावात घटल्या होत्या, याच दुकानात नाही.

"माही ऑर्डर काही वाढत नाही आता," ती म्हणाली. नोकरी कंत्राटी, ऑर्डर वाढली नाही तर घरी.

 ती वळताच इंद्रजितनं डबा तापल्या डांबरावर ओतला, टायरांना भोकं पाडली. तरी जीव राहीना, म्हणून शेजाऱ्यांचे ड्रम, रांजण, सेवादासच्या हॉटेलातलं पिण्याचं टाकंसुद्धा उलटं केलं. नळ चार दिवसांनी यायचा! शेजारची मैनाबाई खराटा घेऊन चौकापर्यंत मागे धावली.

साहेबांना अख्ख्या ओळीत अळी सोडा, पाणीच सापडलं नाही. साहेब भलतेच खूश. अशी कर्मचारी पुसदला हवी, म्हणाले. दीपाची ऑर्डर वाढली, पुसदला.

जायच्या दिवशी ती काम नसताना आली. भिंतीवर तारीख टाकली.

"तुमचा डबा मले तिसऱ्याच बुधवारी दिसलता."

इंद्रजितनं हातातला पाना खाली ठेवला. "मंग लिवून काहून नाही देल्लं?"

"देल्लं असतं त बुधवार बंद झाले असते ना."

आणि ती एसटीत बसली. इंद्रजित डबा घेऊन वेड्यासारखा साऱ्या ओळीत फिरला. एक अळी मिळेना. डासमुक्तीचा कार्यक्रम फारच यशस्वी झाला होता.