क्षीरसागर मॅडमचा हिवाळी मुक्काम

क्षीरसागर मॅडम रोज सकाळी साडेसहाला हवामानाच्या बातम्या देणाऱ्या बाईंशी भांडतात. बाई टीव्हीत असतात, मॅडम टीव्हीसमोर, आणि आमच्या दोन घरांमधली भिंत पुठ्ठ्याची असल्यामुळे मी दोघींच्या मध्ये.

"आज दुपारनंतर सेंदाईत बर्फ पडण्याची शक्यता आहे," बाई जपानीत अदबीने सांगतात.

"मला विचारलं होतं का?" मॅडम मराठीत विचारतात.

बाई लवून नमस्कार करतात. दुपारी बर्फ पडतो. मॅडम छत्री न घेता, तपकिरी माकडटोपी कानावर ओढून, सायकलवरून विद्यापीठात जातात. छत्री घेणं म्हणजे त्या बाईंचं म्हणणं मान्य करणं.

मॅडम मूळच्या नाशिकच्या. माती आणि डोंगरउतार हा त्यांचा विषय. दरड का कोसळते हे विचारायचं झालं तर जपानी प्राध्यापकही त्यांच्याकडे येतात. वीसेक वर्षं सेंदाईत राहतात, एकट्या. मी पोस्टडॉकसाठी शेजारी राहायला आलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात लोकांनी मला नारळाची गोष्ट सांगितली.

नारळाची करवंटी हा जळणारा कचरा की न जळणारा, यावरून मॅडमचं आणि वॉर्डाच्या कचरा समितीच्या अध्यक्षांचं वाजलं होतं. अध्यक्षांचं म्हणणं, इतकी टणक वस्तू न जळणाऱ्यात. मॅडमचं म्हणणं, आमच्या नाशकात तिच्यावर बंब तापतो. तीन महिने पत्रव्यवहार झाला. शेवटी समितीच्या बैठकीला मॅडम करवंटी घेऊन गेल्या आणि अंगणात सर्वांसमक्ष ती पेटवली. दोन सभासद आग विझवायचं नळकांडं घेऊन धावले. पुढच्या वर्षीच्या छापील तक्त्यात मात्र जळणाऱ्या कचऱ्याच्या रकान्यात, माशाच्या काट्यांखाली, एक ओळ वाढली : 'नारळाचं कवच (थोड्या प्रमाणात)'. तो तक्ता मॅडमनी फ्रेम करून दारात लावला आहे.

दुसरी गोष्ट भूकंपाची. २०११च्या मार्चमध्ये मी इथे नव्हतो, त्यामुळे ही ऐकीव. बहुतेक मराठी घरं आठवड्याभरात मिळेल त्या विमानाने निघून गेली. मॅडमचा भाऊ नाशिकहून रोज फोन करायचा, ताई ये. मॅडमनी त्याला सांगितलं, "मी मातीची बाई आहे. माती हलली आणि मीच पळाले, तर मग शिकले कशाला?" त्या सायकलवरून तडे गेलेले उतार बघत हिंडत राहिल्या. धक्के तर नंतरही महिनोन् महिने येत होते. सेंदाईतल्या गणपतीत हे वाक्य अजून कोणी ना कोणी सांगतंच. मॅडम घाबरत नाहीत, हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं.

त्यानंतरच्या प्रत्येक फेब्रुवारीत मॅडम तीन दिवसांसाठी दक्षिणेला, ओसाकाच्याही खाली, 'की' नावाच्या द्वीपकल्पातल्या डोंगरांत पायी फिरायला जात. एकट्याच. सहाव्या वर्षी डॉक्टरांनी गुडघ्याचा एक्स-रे पाहून सांगितलं, डोंगर बंद. जायचंच असेल तर सोबत कोणीतरी हवं. त्या संध्याकाळी माझ्या दाराची बेल वाजली.

"पराग, तुला फेब्रुवारीत तीन दिवस काय काम आहे?"

"मॅडम, पेपर लिहायचाय."

"डोंगरात चांगला सुचतो. बूट आहेत ना?"

म्हणजे मलाही कोणी विचारलं नव्हतं.

सेंदाईत गुडघाभर बर्फ होता आणि तिकडे डोंगरांच्या पायथ्याशी झाडांना संत्री लटकली होती. वाट यात्रेकरूंची, शेकडो वर्षांची, शेवाळलेल्या दगडी पायऱ्यांची. पहिला दिवस मजेत गेला. मॅडम काठी घ्यायला तयार नव्हत्या. "काठी म्हाताऱ्या माणसांनी घ्यावी," असं त्यांनी बासष्टाव्या वर्षी मला सांगितलं आणि मी आणलेली काठी मलाच वापरायला लावली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला वाटेवर आडवी दोरी आणि पाटी दिसली : अतिवृष्टीमुळे दरड कोसळली आहे, रस्ता बंद, पलीकडच्या खिंडीतून वळसा घ्यावा.

"मला विचारलं होतं का?" म्हणत मॅडम दोरीखालून आत गेल्या. मी जीव मुठीत धरून मागोमाग. वळणापलीकडे अख्खा उतार खाली उतरला होता. मॅडम खूप वेळ उभ्या राहिल्या. मग चिमूटभर माती घेऊन बोटांत चोळली, हुंगली आणि परत फिरल्या.

"रस्ता बंद ठेवलाय ते बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "कारण चुकीचं लिहिलंय. वर लाकूडवाल्यांनी रस्ता काढलाय, त्याचं पाणी इकडे सोडलंय. पावसाला कशाला नावं ठेवायची?" आणि त्यांनी पेन काढून पाटीवरची 'अतिवृष्टी' खोडली, वर दुरुस्ती लिहिली आणि खाली पदवीसकट सही केली.

वळसा मात्र भलताच निघाला. खिंड चढता चढता मॅडमचा उजवा पाय ओढला जायला लागला. उताराला तर त्या झाडाझाडाला धरून उतरत होत्या. खाली डांबरी रस्ता लागला तेव्हा चार वाजले होते, आणि मुक्कामाचं गाव अजून पाच किलोमीटर. मी खिशातून फोन काढला.

"मुक्कामाच्या घरी फोन करतो. कोणीतरी गाडी घेऊन येईल."

"नाही."

"मॅडम, गुडघा बघा. टम्म सुजलाय."

"माझा आहे."

मला राग आला. मी म्हणालो, तुमच्या हट्टापायी अंधारात इथे अडकू. डॉक्टरांनी जबाबदारी माझ्यावर टाकली आहे. सगळ्या जगाशी भांडता, निदान स्वतःच्या पायाशी तरी भांडू नका. इतकं मी त्यांना कधीच बोललो नव्हतो. त्या रस्त्याकडेच्या कठड्यावर बसल्या. बराच वेळ गुडघा चोळत राहिल्या.

"कुबो-सान चौऱ्याऐंशीच्या आहेत," त्या म्हणाल्या. "एकट्याच ते मुक्कामाचं घर चालवतात. हिवाळ्यात त्या गावात कुत्रं फिरकत नाही. मी एकटी गिऱ्हाईक. चार दिवस आधीपासून गाद्या उन्हात घालतात, आंघोळीचं पाणी तापवून वाट बघत बसतात. मी जर गाडीतून उतरले तर त्यांना कळेल की हिचा पाय गेला. मग म्हणतील, पुढच्या वर्षी येऊ नका. आणि मी नाही गेले, तर त्यांच्याकडे येणार कोण?"

मी फोन खिशात ठेवला. माझी काठी पुढे केली. ती त्यांनी घेतली.

गाव दिसलं तेव्हा दिवेलागण झाली होती. वळणावर मॅडमनी काठी माझ्या हातात कोंबली, टोपी सारखी केली आणि ताठ चालत गेल्या. कुबो-सान फाटकाशी उभ्या होत्या. एवढीशी, कमरेत वाकलेली बाई. "थकलात ना?" त्यांनी विचारलं. "छे, चढ कुठे आहे इथे," मॅडम म्हणाल्या. जेवताना त्या दोघी मुळा किती शिजवावा यावर भांडल्या. दोघीही खूश दिसत होत्या.

सकाळी मॅडम अजून झोपलेल्या होत्या. मी स्वयंपाकघरात चहा घ्यायला गेलो. कुबो-सान मासे भाजत होत्या. मी मोडक्यातोडक्या जपानीत विचारलं, हिवाळ्यात एवढं घर चालवायचं म्हणजे अवघड जात असेल.

"चालवत नाही हो," त्या म्हणाल्या. "तीन वर्षांपूर्वीच बंद केलं. मी ओसाकाला मुलाकडे असते. फेब्रुवारीत आठ दिवस इथे येते, हिच्यासाठी. हिला सांगू नका."

मी कप खाली ठेवला. त्यांनी मासे उलटले आणि सांगत राहिल्या. भूकंपाच्या वर्षी पावसाळ्यानंतर इकडच्या डोंगरांत दरडी कोसळल्या, त्या पाहायला मॅडम पहिल्यांदा इथे आल्या. झोपताना बूट घालूनच गादीवर पडल्या, हातात टॉर्च. विचारलं तर म्हणाल्या, मार्चपासून मी अशीच झोपते, जमीन हलली तर धावता यावं म्हणून. कोणाला सांगितलेलं नाही.

"मी शेजारी बसले," कुबो-सान म्हणाल्या. "म्हटलं, मी जागी आहे, तू बूट काढ. झोपली. दुसऱ्या दिवशी दहापर्यंत उठली नाही. हिला कोणी नाही, बिचारीला. ती येत राहील तोवर घर उघडायला हवं."

निघताना मी दोघींपैकी कोणालाच काही बोललो नाही. कुबो-सान फाटकाशी उभ्या राहून हात हलवत होत्या. मॅडम वळणापर्यंत एकदाही लंगडल्या नाहीत. घर दिसेनासं झालं, तशा त्या माझ्या खांद्यावर हात ठेवून थांबल्या. चेहरा पांढरा पडला होता.

"आता बोलाव गाडी," त्या म्हणाल्या.

बोलवावी लागली नाही. दहा पावलांवर एक छोटी पांढरी व्हॅन उभी होती. शेजारचा शेतकरी टोपी काढून खाली उतरला. म्हणाला, कुबो-सानचा काल संध्याकाळीच फोन आला, तुमचा गुडघा दुखतोय, स्टेशनपर्यंत सोडायचंय. पण घरासमोर येऊ नकोस, वळणापलीकडे थांब, असं त्यांनी दोनदा बजावलं.

मॅडम त्याच्याकडे बघत राहिल्या. मग पुढच्या सीटवर बसल्या. मी सामानाशेजारी मागे दाटीवाटीने बसलो. निम्मा घाट उतरेपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"पराग," त्या तोंड न वळवता म्हणाल्या, "पुढच्या वर्षी दोन दिवस जास्त काढू. हळूहळू चढू."

"हो, मॅडम."

"आणि दोन दिवस त्यांच्याकडेच राहू. घरात बराच एकटेपणा असतो त्यांना."

मी हो म्हटलं.