युनूसचा डावा गाल

भिंगारला आमच्या गल्लीत सकाळी नऊच्या सुमारास तुम्ही आलात, तर कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले एक गृहस्थ तुम्हाला हटकतील आणि म्हणतील, "जरा हिकडं उन्हात या. हां. आता हलू नका." घाबरायचं कारण नाही. ते तुमच्या नाकाची सावली बघत असतात.

हे आमचे गुंजाळनाना. वय सदुसष्ट, मूळ गाव जामखेडकडचं. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायचं धाडस कुणाला झालं नाही. माझ्या घराला लागूनच त्यांचं दोन खोल्यांचं घर. सावली बघायचा हा नाद त्यांना दोन वर्षांपूर्वी लागला. तेव्हापासून गल्लीतल्या एकाही माणसाचं नाक सुटलेलं नाही. भाजीवाली चंदाबाई एकदा वैतागून म्हणाली, "नाना, मेथी घेता का नाक बघता?" नाना शांतपणे म्हणाले, "नाक बघून झालं की मेथी घेतो." आणि घेतली. एकट्या माणसाने तीन जुड्या घेतल्या, कारण नाक फार चांगलं निघालं होतं.

चौतीस वर्षं नाना इथल्याच एका लष्करी कार्यालयात ड्राफ्ट्समन होते. गाड्यांच्या सुट्या भागांची चित्रं काढायची, मापं टाकायची, खाली सही करायची. रेघ इतकी बारीक, की कागदावर केस उचलून ठेवल्यासारखी. पण त्या चित्रांत सावली नसते. बोल्टला सावली काढली तर साहेब विचारतो, हे काय सांडलंय. त्यामुळे आयुष्यभर नानांनी जग बिनसावलीचं काढलं. मग निवृत्त झाल्यावर चार-पाच वर्षांनी एक दिवस ते टॅब्लेट घेऊन आले, सोबत त्याची ती खास पेन्सिल, आणि मला म्हणाले, "शोभाताई, मी शेडिंग शिकणार हाय."

नगरला सावेडीत टॅब्लेटवरच्या चित्रकलेचा एक क्लास आहे. शिकवणारी प्राजक्ता तेवीस वर्षांची, आणि शिकणाऱ्या सगळ्या कॉलेजच्या मुली. नाना पहिल्या दिवशी गळ्यात ओळखपत्र घालून गेले. ते त्यांनी स्वतःच बनवलं होतं, कारण क्लासवाले देत नव्हते. प्राजक्ता आत आली की नाना उभे राहायचे. तिने चार-पाचदा सांगून पाहिलं, "काका, बसा ना." शेवटी तीच दारातून आत येताना "बसा, बसा" म्हणत येऊ लागली.

पहिला गृहपाठ होता सफरचंद. एका बाजूने उजेड, दुसऱ्या बाजूला सावली, एवढंच. नानांनी सफरचंद आणलं, मोजमापाचा पोलादी चिमटा काढला आणि मापं घेतली. मग समोरून, बाजूने आणि वरून अशी तीन सफरचंदं काढली. देठाचा व्यास मिलिमीटरमध्ये लिहिला. प्राजक्ता बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "काका, चित्र सुंदर आहे. पण हे सफरचंद आपल्याला कारखान्यात बनवायचं नाहीये. बघून खावंसं वाटलं पाहिजे."

नानांनी घरी येऊन मला विचारलं, "तुमाला हे खावंसं वाटतंय का?"

मी म्हटलं, "जोडावंसं वाटतंय."

लेअरची, म्हणजे चित्राच्या थरांची, भानगड मात्र त्यांना पहिल्याच दिवशी कळली. "ह्यात काय अवघड हाय? आमचा ट्रेसिंग पेपर. एकावर एक ठेवायचे, खालचं वर दिसतं." मुली आपल्या लेअरना नावं देत नसत, टॅब्लेट देईल तो नंबर तसाच राहू देत. नानांना ते बघवत नसे. त्यांच्या प्रत्येक लेअरला नाव आणि क्रमांक असे. कान-एक, कान-एक सुधारित, भुवई उजवी, भुवई उजवी रद्द. एकदा लेअरची संख्या एकशे चाळीसच्या वर गेली आणि टॅब्लेट जागच्या जागी थिजला. प्राजक्ता म्हणाली, "काका, काही लेअर मर्ज करा." नाना म्हणाले, "मॅडम, एकदा मिसळलं की सुटं होत न्हाई. उद्या भुवई चुकली असं ठरलं तर जबाबदार कोण?"

आणि प्रत्येक चित्राच्या खाली उजव्या कोपऱ्यात चौकट. काढणार: द. रा. गुंजाळ. तपासणार: रिकामं. ती सही करायला ते माझ्याकडे येत. मी शाळेत मराठी शिकवलेलं, मला सावलीतलं काय कळणार? पण न तपासलेलं चित्र पुढे पाठवायचं नाही, हा त्यांचा नियम. मग मी चष्मा लावायचे, "इथे जरा काळं जास्त झालंय का?" असं काहीतरी म्हणायचे, आणि सही करायचे. नानांचा चेहरा उजळायचा. चूक काढली की त्यांना विशेष बरं वाटे.

त्यांचं खरं अडलं ते टॅब्लेटमधल्या मऊ ब्रशपाशी. हाताला सवय टोकदार शिसपेन्सिलीची. रेघ म्हणजे रेघ, कड म्हणजे कड. त्यांनी काढलेला चेहरा पत्र्यातून कापल्यासारखा दिसायचा. एक दिवस प्राजक्ता म्हणाली, "काका, गालाला कड नसते. उजेड हळूहळू कमी होत जातो, एवढंच." नाना त्या वाक्याने दोन दिवस बेचैन होते. स्वतःचा गाल चाचपत गल्लीत फिरत होते. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "पोरगी बरोबर बोलली. मी लई तपासलं. कड न्हाई."

मला वाटायचं, म्हाताऱ्याला वेळ घालवायला खेळणं सापडलंय. गल्लीतही सगळ्यांना तसंच वाटायचं.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. नाना टॅब्लेट माझ्याकडे ठेवून दूध आणायला गेले. सही करायची होती म्हणून मी चित्र उघडायला गेले, तर भलतंच पान उघडलं. त्यात चित्रांच्या ओळीच्या ओळी होत्या. सगळीकडे एकच माणूस. पन्नाशीचा, कपाळ मोठं, कानावर पेन्सिल, थोडी पिकलेली दाढी. कुठे नुसतं नाक, कुठे नुसता कान. आणि प्रत्येक चित्रात त्याचा चेहरा उजव्याच बाजूने. एकाही चित्राखाली सहीची चौकट नव्हती.

नाना परत आले. माझ्या हातातलं चित्र बघून दुधाची पिशवी घेऊन तसेच उभे राहिले.

"हा युनूस," ते म्हणाले. "माझ्या डाव्या हाताच्या टेबलावर बसायचा. एकतीस वर्षं."

मग त्यांनी सांगितलं ते असं. युनूसभाई आणि ते एकाच ड्रॉइंग ऑफिसात, शेजारी शेजारी. सकाळी सायकली बरोबर, दुपारी डबा बरोबर, संध्याकाळी घरी बरोबर. ऑफिसात कॅमेरा नीट धरता येणारा माणूस एकच, युनूसभाई. त्यामुळे दर समारंभाच्या फोटोत सगळे आहेत आणि तो नाही. दोन वर्षांपूर्वी तो चार दिवसांच्या तापाने गेला. मागे राहिला तो ओळखपत्रावरचा एक फोटो. त्यात अर्ध्या चेहऱ्यावर कार्यालयाचा शिक्का, आणि उरलेल्या अर्ध्यात तो दरोडेखोरासारखा दिसतो.

"फोटोचं काय एवढं, असं मला वाटलं हुतं," नाना म्हणाले. "पण एक दिवस सकाळी उठलो, त्याचा चेहरा आठवायला लागलो, तर तो ओळखपत्राचाच चेहरा समोर यायला लागला. माझ्याकडचा खरा पुसत चाललाय, ताई. म्हणलं, पुसायच्या आत काढून ठेवावा."

"मग अडलं कुठे?"

"डाव्या गालाला." ते खुर्चीवर बसले. "एकतीस वर्षं मी त्याची उजवी बाजूच बघितली."

"अहो, समोरासमोर डबा खात होतात ना?"

"डबा खाताना मानूस डब्याकडं बघतो," नाना म्हणाले.

मला हसू आलं आणि लगेच हसू आल्याची लाज वाटली.

युनूसभाईंच्या पत्नी, जुबेदाभाभी, भिंगारच्या जुन्या बाजारामागेच राहतात. चालत दहा मिनिटं. आणि नाना त्यांच्याकडे चेहरा विचारायला दोन वर्षांत गेले नव्हते. "बाईमानसाला कसं विचारायचं, तुमच्या नवऱ्याचा डावा गाल सांगा म्हणून?" शेवटी मीच म्हटलं, उद्या चार वाजता मी येते बरोबर.

नाना इस्त्रीचा शर्ट घालून, टॅब्लेट फायलीत ठेवून निघाले. वाटेत एकाही माणसाची सावली बघितली नाही.

भाभींनी दार उघडलं आणि त्यांचा चेहरा फुलला. "नाना! किती दिवसांनी! या, या." पाणी झालं, त्यांच्या मुलींची चौकशी झाली. नाना मांडीवरची फाईल सारखी करत राहिले, तेव्हा मीच चित्राचं सांगितलं. भाभी पदर सावरून म्हणाल्या, "भिंतीला नाही लावता येणार हं नाना. या खोलीत मी नमाज पढते, इथं माणसाचं चित्र चालत नाही."

"लावायला न्हाई भाभी," नाना घाईने म्हणाले. "फक्त चुकलंय का ते बघा."

त्यांनी टॅब्लेट भाभींच्या हातात दिला. हे चित्र मीही आधी पाहिलेलं नव्हतं. युनूसभाई टेबलावर ओणवे, आणि काम करता करता मान वळवून बघताहेत. उजवा गाल पूर्ण, खिडकीच्या उजेडात. डाव्या गालाचा थोडाच भाग दिसत होता, आणि तिथे नानांनी नुसता सपाट करडा रंग भरून ठेवला होता.

भाभींनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. "इथं तीळ होता," त्या बोट ठेवून म्हणाल्या. "दाढी राखायच्या आधी तिथं रोज ब्लेड लागायचं. रोज शिव्या. दाढी त्या तिळापायीच तर राखली."

नाना चकित झाले. "मला वाटलं, धर्मासाठी राखली."

"धर्माचं नाव लोकांसाठी," भाभी म्हणाल्या, आणि आम्ही तिघंही हसलो.

नानांनी पेन्सिल काढली. भाभी सांगत गेल्या, गाल इथे जरा खपाटीला गेलेला, इथे दात काढल्यापासून खड्डा. नाना तो मऊ ब्रश हलक्या हाताने फिरवत गेले. मी नाना काम करताना पहिल्यांदाच बघत होते. एवढा बडबडा माणूस, श्वाससुद्धा जपून घेत होता. करड्या रंगातून हळूहळू गाल वर आला.

भाभी बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हेच आहेत. पण नाना, घरी हे असे नव्हते कधी. घरी हसले की शेजारी ऐकू जायचं. हे तर दाबून हसतायत."

"साहेब मागंच बसायचा ना," नाना म्हणाले.

"आणि बघतायत कुणाकडं?"

नाना टॅब्लेटची काच शर्टाच्या टोकाने पुसू लागले. काच स्वच्छच होती.

"माझ्याकडं," ते शेवटी म्हणाले. "मी काहीतरी विचारलं की तो असा वळायचा. मला मापं सगळी पाठ असायची, भाभी. पण उगं विचारायचो."

भाभींनी मान खाली घातली आणि चहा ठेवायला आत गेल्या. आत भांड्यांचा आवाज बराच वेळ झाला नाही.

परत येताना ऊन कलतं होतं. नानांच्या दाराशी आलो. त्यांनी कुलूप काढलं, दार उघडलं, आतल्या अंधाऱ्या खोलीकडे एकदा बघितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, तुमी घाईत हाय का?"

घरी कणीक मळून ठेवली होती. मी नाही म्हटलं, आणि आम्ही पायरीवर बसलो.